सेकिगाहाराचा पंचनामा

आपल्या मातीतल्या इतिहासावर ‘समजा असं झालं असतं तर’ हा खेळ चारचौघांत खेळू नये, असं माझं पक्कं मत आहे. कागदावर ठीक आहे. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना लागणारी गोळी हुकवली आणि मराठ्यांना पानिपत जिंकून दिलं. लोकांनी कौतुकानं वाचलं, इंग्रजीतून ती अकरावीच्या पुस्तकातही गेली. पण नारळीकर एकटे बसून लिहीत होते. तोच प्रश्न टेबलाभोवती पाच-सहा मराठवाडी माणसं बसवून विचारून बघा.

आम्ही विचारला होता. पानिपतही नाही, आपलं घरचं उदगीर घेतलं. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी तिथं निजामाला नमवलं आणि मार्चमध्ये परतुराकडून उत्तरेला कूच केलं. समजा, भाऊ गेलेच नसते तर? चहा यायच्या आत एकाचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेत निघाले, दुसऱ्याचे निजामाच्या चाकरीत, आणि तिसऱ्याच्या बायकोच्या माहेरचे दोन्हीकडं. होळकरांचं नाव निघाल्यावर कपबश्या आपटल्या गेल्या. दोघं जण संक्रांतीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते, तिळगूळही मध्यस्थामार्फत गेला. सप्टेंबर १९४८ हा विषय तर कुणी काढलाच नाही, कारण त्यातले काही आजोबा अजून हयात आहेत आणि त्यांना ऐकू चांगलं येतं.

म्हणून मी जपानला गेलो. जपानी माणसाच्या भावना दुखावल्या, तरी लातूरला यायला त्याला दोन विमानं आणि एक एसटी बदलावी लागते.

खेळाचं थोडक्यात सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ छापला, तिथून ही सगळी जात निघाली. सोंगट्या असल्या तर असतात, नसल्या तरी अडत नाही. हारजीत ठरत नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली एकेक माणसं होतात आणि ‘मी आता हे करतो’ म्हणतात. जमलं की फसलं ते वीस पैलूंचा फासा सांगतो. कीर्तनात बुवा सुदाम्याला द्वारकेच्या दारापर्यंत आणतात आणि तेवढ्यात श्रोत्यांतून कुणीतरी उठून म्हणतं, “बुवा, सुदामा आत जात नाही, आधी पहारेकऱ्याला पोहे देऊन बघतो.” बुवांनी ते मान्य करून कीर्तन पुढं न्यायचं. त्या बुवांना गेम मास्टर म्हणतात. आमच्यात मास्तर.

फासे पाहून आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, “काय लावायलाव यावर?”

“काहीच नाही, आई. गोष्ट आहे नुसती.”

“फाशांपायी धर्मराज वनवासाला गेला,” ती म्हणाली, “तुझी नांदेडला बदली झाली तेवढी पुरे की.”

तर, जपान. तिथला सर्वेसर्वा हिदेयोशी १५९८ मध्ये वारला. धनी गेला, वारस पाच वर्षांचा, कारभारी पाच. याच्या पुढं काय होतं ते मराठवाड्यातल्या कुठल्याही वाड्याला विचारा. दोन वर्षांनी, २१ ऑक्टोबर १६०० रोजी, सेकिगाहाराच्या खोऱ्यात एकीकडं तोकुगावा इएयासू आणि दुसरीकडं इशिदा मित्सुनारी असे उभे राहिले. इशिदाच्या बाजूनं कोबायाकावा हिदेआकी नावाचा एक कोवळा सरदार पंधराएक हजार फौज घेऊन टेकडीवर बसला होता. लढाई पेटली तरी हा ढिम्म. शेवटी तोकुगावानं त्याच्याच रोखानं बंदुका झाडायला लावल्या अशी कथा आहे. मग तो टेकडी उतरला, तो थेट इशिदाच्या बाजूवरच तुटून पडला. एका दिवसात निकाल लागला. १६०३ मध्ये तोकुगावा शोगुन झाला आणि पुढं अडीचशेहून जास्त वर्षं ते घराणं हललं नाही.

आमच्या खेळात तो पोरगा फिरत नाही. एवढाच बदल. इशिदा जिंकतो आणि तिथून पुढचा जपान आमचा.

हे सांगताना मी आवाज खाली नेला होता. फितुरीचं दुःख, ऐन लढाईत बदललेली बाजू वगैरे. माझ्या खेळाडूंवर काडीचा परिणाम नाही. विधानसभा नुकतीच होऊन गेली होती. पहिला प्रश्न आला, “काय मिळालं त्याला?” मी म्हटलं, ओकायामाची जहागीर. “किती दिवस टिकली?” १६०२ मध्ये तो वारला, म्हणजे दोन वर्षं. “दोन वर्षं भरली व्हय!” हा उद्गार आदराचा होता.

मंडळी कोण, ते सांगायला हवं. लातूरचे दोघं: एकाची मार्केट यार्डात आडत, दुसरा नीटच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. नांदेडचे दोघं: एक वकील, एकाचं वजिराबादेत मेडिकल. मी नोकरीला नांदेडात आणि घर लातुरात, त्यामुळं लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्यावरच माझा निम्मा जपान रचला गेला. कंडक्टरला शंका येऊ नये म्हणून वही मांडीवर उलटी धरतो. एकदा शेजारच्या आजीबाईंनी त्यातला किल्ल्याचा नकाशा पाहिला आणि त्या मायेनं म्हणाल्या, “प्लॉटिंग करतूस का रे बाबा?”

खरी गंमत आडतीवाल्यानं केली. तिथं सरदाराची ऐपत जमिनीवर मोजत नसत, कोकूवर मोजत. एक कोकू म्हणजे साधारण १८० लिटर तांदूळ, एका माणसाचं वर्षाचं पोट. कागाच्या माएदा घराण्याची ऐपत दहा लाख कोकूंच्या वर होती. हे मी मोठ्या थाटात सांगितलं, तर आडतीवाल्याच्या हातात मोबाइलचा कॅल्क्युलेटर.

“कोकू म्हंजे दीड क्विंटल धरू. ओलावा किती टक्के?”

सामुराईंच्या कुठल्याही पुस्तकात ओलावा नाही. मी अंदाजानं चौदा म्हटलं. मग हमाली, तोलाई, बारदान. मग मुद्द्याचा प्रश्न: पगार तांदळात मिळतो, पण तलवार, घोडा, बायकोचं लुगडं हे तर रोखीनं घ्यावं लागतं, मग मधला माणूस कोण? मी चकित झालो, कारण इतिहासात नेमकं हेच घडलं होतं. सामुराई दलालांकडं तांदूळ विकत, उचल घेत आणि कर्जात रुतत. ओसाकाच्या दोजिमा बाजारात तर हातात नसलेल्या तांदळाचे कागदोपत्री सौदे होत, आणि १७३० मध्ये सरकारनं त्यांना रीतसर मान्यता दिली. वायदेबाजाराच्या जन्मकथेत हा दाखला हमखास येतो. आमचा गडी तिथं सव्वाशे वर्षं आधी पोचला, तेही दुसऱ्याच बैठकीत. त्याच्या सामुराईनं अजून तलवार म्यानातून काढलेली नाही. काढायची गरजच पडत नाही. तीन घराण्यांची उचल त्याच्याकडं थकलेली आहे.

पोर्तुगीज जहाज नागासाकीला आणलं तेव्हा मी जरा घाबरतच आणलं. “कुठून येतंय?” गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी. हा मार्ग खरा आहे. १५८२ मध्ये चार जपानी मुलं याच वाटेनं युरोपला निघाली आणि जाता-येता दोन्ही वेळा गोव्यात थांबली. “गोव्यात येतंय म्हंजे आपल्या दारात आलं,” आडतीवाला म्हणाला, आणि त्यानं पहिली खेप तूरडाळीची मागवली. मी फासा टाकायला लावला. वीसपैकी वीस. आमच्या जपानात आता वरण आहे. वकिलानं आणखी खोदून काढलं की त्याच साली, सेकिगाहाराच्या दोन महिने आधी, अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि मलिक अंबरनं परंड्याला नवा निजामशहा बसवला. म्हणजे डाळीवर जकात कुणाला द्यायची? दोन तास यावर गेले. मी रंगवून ठेवलेला निंजांचा हल्ला तसाच वहीत राहिला.

नांदेडकरांची अडचण निराळी. कुणा पुण्या-मुंबईच्या पोराला तलवार म्हणजे सिनेमा. नांदेडच्या माणसाला ती दुकानात टांगलेली दिसते, आणि होला मोहल्ल्याला निहंगांची मिरवणूक, घोडे आणि हल्लाबोल त्यानं वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेला असतो. मी आपला धुक्यातून येणारा घोडेस्वार रंगवतोय, “टापांचा आवाज... चिलखताची खणखण...” आणि मेडिकलवाला थंडपणे म्हणतो, “गर्दीत घोडा पळवताना स्वार असा ताठ बसत नसतो, मास्तर. पुढं झुकतो.” होळीच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः गुरुद्वाऱ्याकडं जाऊन उभा राहिलो. झुकतो.

वकिलाच्या सामुराईवर एकदा धन्याची अवज्ञा केल्याचा ठपका आला. नियमाप्रमाणं आता त्यानं मानानं पोट चिरून घ्यायचं, हे मी जड अंतःकरणानं सांगितलं. वकिलानं चष्मा पुसला. “नोटीस कुठाय? बाजू ऐकून घेतली?” तो क्योतोला अपिलात गेला. सध्या तारखा पडतायत. अपमान झाल्यावर जीव देणारी संस्कृती आणि अपमान झाल्यावर वकील देणारी संस्कृती यांत दुसरी सरस, असं माझं मत होत चाललं आहे.

फिजिक्सवाल्याला फाशावर निगेटिव्ह मार्किंग हवं होतं. ते मी हाणून पाडलं. पण त्याचा पहिला सामुराई बाणानं मेला तेव्हा तो नवं पात्र करायला तयार होईना. तोच सामुराई, त्याच नावानं, पुढच्या वर्षी पुन्हा. “रिपीटर आहे,” तो म्हणाला. लातुरात या युक्तिवादापुढं कुणाचंच चालत नाही.

जपानचा इतिहास बदलणं फार अवघड नाही, मोकळा रविवार मिळवणं अवघड आहे. एप्रिल-मे लग्नांत जातात. जूनमध्ये पेरणी आणि प्रवेश. श्रावणात सत्यनारायण, मग पोळा, मग महालक्ष्म्या, आणि महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत फासा नुसता हातात दिसला तरी माझ्या घरी काय होईल ते लिहिण्यासारखं नाही. ऑक्टोबरात सोयाबीन येतं, आडतीवाला भेटत नाही. त्यातून तारीख निघाली, सगळे लातुरात जमले, दोन सामुराई पुलावर समोरासमोर आले, हात मुठीवर गेले, की खालून हाळी येते, “पाणी आलं!” ज्या शहरानं २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं पाहिलं, तिथं नळ आल्यावर कुणाची अब्रू वाट बघत नाही. दोन्ही योद्धे पाइप घेऊन गच्चीवर जातात. मीही नियमच करून टाकला: शत्रूसुद्धा अशा वेळी वार करत नाही, त्याच्याकडंही आठ दिवसांनी पाणी येतं.

हमखास मोकळा असा दिवस एकच, वेळ अमावस्या. लातूर जिल्हा त्या दिवशी घरात नसतोच, रानात असतो. आडतीवाल्याच्या शेतात कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. आंबिलीनंतर माणसाला झोप येते. आम्ही फासे काढले. आडतीवाल्याचे वडील, आबा, बाजूला पान लावत ऐकत होते. मी मंडळींना मागची उजळणी म्हणून सेकिगाहाराची लढाई पुन्हा सांगत होतो: आदल्या रात्रीचा पाऊस, सकाळचं दाट धुकं, लाखावर माणूस त्या खोऱ्यात.

“कोणता महिना म्हणलास?” आबांनी विचारलं.

“ऑक्टोबर, आबा.”

“भात उभा असंल की मग रानात.”

मी पुस्तकं वाचली आहेत. फौजा कुठं होत्या, निशाणं कोणत्या रंगाची, पहिली गोळी कुणी झाडली. पिकाचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

“लाखभर माणूस चिखलातनं गेलं, वर घोडी,” आबा म्हणाले. “कोण जिंकला त्येचं तुमी बघा. रान कुणाचं हुतं?”

कुणी उत्तर देईना. मग वकील हळूच म्हणाला, नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो. आडतीवाल्यानं हेक्टरी उतारा विचारला. मेडिकलवाल्यानं आपला सामुराई गावकऱ्यांच्या बाजूनं उभा केला, आणि पाहता पाहता विजयी इशिदा मित्सुनारीच्या छावणीसमोर शेतकऱ्यांचं धरणं बसलं. आबांना पात्र दिलं: बांधावरचा शेतकरी, तलवार शून्य, जिद्द अठरा. त्यांनी अर्ज सांगितला, मी इशिदाच्या वतीनं पंचनाम्याचा हुकूम काढला. आता तलाठी जागेवर सापडतो का, त्यासाठी आबांनी फासा टाकला.

एक आला.

“मीटिंगला गेलाय,” आबा म्हणाले, आणि त्यांनी पान तोंडात टाकलं.