अपील मालकाचं, रोज बुडतो बाईचा

गड्यापेक्षा आपला रोज कमी का, हे परभणी जिल्ह्यातल्या मानवत-सेलूकडच्या जिनिंगमधल्या किंवा रानातल्या बाईला कुणी समजावून सांगायला नको. कारण तिला तोंडपाठ आहे: बायकांचं काम हलकं. मालकांचा हा बचाव जुना आहे आणि असाच बचाव सर्वोच्च न्यायालयात हरलेला आहे, हे मात्र तिला कुणी सांगत नाही.

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत महिला स्टेनोग्राफरना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. जून 1977 मध्ये नोकरी गेलेल्या एकीने फरकाची रक्कम मागितली. कंपनी म्हणाली, साहेबांच्या लेडी स्टेनोचं काम वेगळं. शिवाय युनियनशी करार झालाय. शिवाय परवडत नाही. पहिल्या अधिकाऱ्याने बाईचा अर्ज फेटाळला. अपिलात ती जिंकली. मग कंपनी उच्च न्यायालयात गेली, एका न्यायमूर्तींपुढे हरली, खंडपीठापुढे हरली, तरी दिल्लीला गेली. 26 मार्च 1987 ला तिथेही हरली. परवडत नाही म्हणून समान वेतन नाकारता येत नाही, असं न्यायालयाने बजावलं. पण एका बाईच्या पगारातल्या फरकासाठी पाच दारं आणि जवळजवळ दहा वर्षं! हा न्याय आहे, पण फार महाग.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली, समान वेतनाचा हक्क आता तिच्यात आहे. आता दावा करायला 3 वर्षांची मुदत आहे. अधिकाऱ्याने शक्यतो 3 महिन्यांत निकाल द्यायचा, थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. अपील 90 दिवसांत, त्याचाही निकाल शक्यतो 3 महिन्यांत. चांगलं आहे. पण ही मुदत उच्च न्यायालयाच्या दारात संपते. परभणीच्या बाईसाठी ते दार सुमारे दोनशे किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. तारखेला तिने जायलाच हवं असं नाही, पण वकील तिथला आणि फीही तिथली. मालक धंद्याच्या पैशातून लढतो, ती बुडालेल्या रोजातून.

कामावर परत घेण्याचा आदेश झाला आणि मालक वरच्या न्यायालयात गेला, तर तोवर कामगाराला शेवटी मिळत होता तेवढा पगार द्यावा लागतो. ही तरतूद 1984 पासून आहे. वेतनातल्या भेदभावाच्या दाव्याला असा आधार नाही. न्यायालय रक्कम जमा करायला सांगू शकतं, पण ते त्या त्या न्यायमूर्तींवर. हा भरवसा पुरेसा नाही. फरकाची रक्कम आधी बाईच्या खात्यात टाका आणि मग वर जा, अशी सक्ती कायद्यातच हवी. आमदार-खासदारांनी मागावी अशी ही गोष्ट आहे.

तशी सक्ती होईपर्यंत पहिली पायरी पक्की करा. मॅकिननच्या प्रकरणात पहिल्या अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला, तरी बाई आणि पुरुष एकच काम करतात हे त्यानेच नोंदवलं होतं. ती नोंद शेवटपर्यंत टिकली आणि तिच्यावरच बाई जिंकली. वरची न्यायालयं साक्षीपुरावा सहसा पुन्हा तपासत नाहीत. म्हणून मुकादमाच्या वहीचा फोटो काढा. आपली हजेरी, आपला रोज, त्याच कामावरच्या गड्याचा रोज, तारखेसकट लिहून ठेवा. आणि अर्ज एकटीने नको, चौघींनी मिळून द्या.