आहेराची फाइल

आमच्या कनेरगावाला ‘नाका’ चिकटलाय तो हद्दीचा. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड. माल हद्दीतून न्यायचा तर करोडगिरी मोजायची. राज्य गेलं, करोडगिरी गेली, नाव राहिलं. सोयरिकींना मात्र हद्द कधी आडवी आली नाही. आमचे निम्मे सोयरे वाशीमकडचे, निम्मे हिंगोलीकडचे, आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांनी किती आहेर केला याची भारी उत्सुकता.

मुलीच्या लग्नात मी म्हणूनच सुधारणा केली. मांडवाच्या दारात वहीऐवजी लॅपटॉप ठेवला. वहीचं दुखणं असं, की आपले एकशे एक नीट लिहिले का हे बघायच्या निमित्ताने माणूस वरच्या दहा ओळी वाचून घेतो. रात्री मी एक्सेलच्या फाइलला पासवर्ड घातला. कुणाला सुचणारच नाही असा. तो खरोखरच कुणाला सुचला नाही. मलासुद्धा.

दीड वर्षाने साडूच्या मुलाची पत्रिका आली. बायको म्हणाली, “अहो, त्यांनी आपल्याला किती केला होता, बघा बरं.” मी बघायला बसलो. मुलीचं नाव, लग्नाची तारीख, कुलदैवत, शेताचा गट नंबर, पहिल्या मोटारसायकलचा नंबर, दोन्ही बैलांची नावं. जोडून, तोडून, मागे एक-दोन-तीन लावून. “माझं नाव टाकलं का?” बायकोने विचारलं. टाकलं होतं, सत्तेचाळिसाव्या खेपेला, बैलांनंतर. हे मी तिला सांगायला नको होतं.

ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या पोराने लॅपटॉप बघून मान हलवली. “काका, नुसतं शीट प्रोटेक्ट असतं तर पाच मिनिटांत काढून दिलं असतं. तुम्ही तर अख्खी फाइलच एन्क्रिप्ट केली.” त्याच्याकडून कळलं ते असं: शीटचं प्रोटेक्शन म्हणजे दाराला लावलेली नुसती कडी, एन्क्रिप्शन म्हणजे घरातलं सगळं सामानच दळून ठेवणं. नवं एक्सेल आपण टाकलेला पासवर्डही एक लाख वेळा दळतं आणि मग त्यातून किल्ली काढतं, चोराला झपाझप पासवर्ड लावून बघता येऊ नयेत म्हणून. चोर नव्हे, मुलीचा बाप बसलाय, हे त्याला सांगायची सोय नाही.

कुलपाची ही हौस मराठीला नवी नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले, एका अक्षराच्या जागी भलतंच चिन्ह. पंथाबाहेरच्या माणसाला पोथी हातात घेऊनही काही कळू नये. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तीही विजेशिवाय. पण महानुभाव माझ्याहून शहाणे. किल्ली ते शिष्याला तरी सांगून जात. मी माझी मलाच सांगितली नाही.

अमेरिकेत स्टीफन थॉमस नावाचा प्रोग्रामर आहे. त्याचे 7,002 बिटकॉइन एका पेनड्राइव्हसारख्या डबीत अडकले आणि पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. 10 चुकांनंतर डबी कायमची बंद होणार. 2021 साली ही गोष्ट जगभर छापून आली तेव्हा 8 चुका करून झाल्या होत्या. लोक त्याची कीव करतात. मला हेवा वाटतो. त्याला 10 चुकांची मर्यादा तरी आहे. एक्सेल कितीही वेळा चुकू देतं, त्यामुळे जेवण झालं की मी रोज बसतो.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या पोराने ही गोष्ट चहाच्या टपरीवर सांगितली, आणि तेव्हापासून आमच्या मुलीच्या लग्नातला आहेर वाढू लागला. साडू म्हणतात, दोन हजार एक केला होता. दिवाळीला तो तीन हजार झाला. मावसभावाला तर आता पैठणी आठवते, आणि ज्या चुलतभावाच्या घरातलं कुणी लग्नाला आलंच नव्हतं, त्याने भरपोशाख केल्याचं मला तीन जणांकडून कळलं. मी हे सगळं कागदावर मांडून बेरीज केली. लग्नाला आलेल्या खर्चापेक्षा आहेर जास्त भरतो.

तरी वाचकांपैकी कुणी त्या लग्नाला आले असतील, तर आपला खरा आकडा पोस्टकार्डावर कळवा. एकशे एक असला तरी चालेल. आणि साडूंच्या शेजारी बसला असाल, तर त्यांचाही कळवा.