माझी सही दिसली पाहिजे

माझी चित्रं घरात लावायला कुणाचाच विरोध नाही; विरोध आहे तो भिंतीला भोक पाडायला. हॉलमधल्या कुठल्याही भिंतीकडे मी बोट दाखवलं की आमचे हे म्हणतात, "तिथून वायर गेलीय." एवढी वायर घरात असताना इस्त्रीला सॉकेट एकच कसं, असं विचारलं की ते पेपर उघडतात.

जागा मात्र त्यांनीही सुचवल्या. बाथरूमला लागून असलेली भिंत, कारण तिथले पोपडे झाकले जातील. जलरंगातलं चित्र, आणि ओलीवर! कागदाला बुरशी कशी धरते यावर मी व्याख्यान दिलं. मग मेन स्विचचा डबा. "माप अगदी बरोबर आहे गं," ते म्हणाले. माझ्या कलेचं इतकं मनापासून कौतुक त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. तिथे आता माझा वाईचा घाट आहे. स्विच पडला की घाट उतरवून सोफ्यावर ठेवायचा.

बिनखिळ्याचे उपायही झाले. दोरी ताणून चिमट्यांनी चित्रं अडकवली, तर जुलैत त्याच रांगेत बनियन दिसू लागले. फळीवर चित्र टेकवलं, तर त्याच्यापुढे गोळ्यांची पाकिटं आणि लाइटबिल. चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर असावा, असा गॅलऱ्यांचा संकेत आहे, कारण उभ्या माणसाचे डोळे साधारण तिथे येतात. आमच्याकडे येणारा माणूस उभा राहतच नाही. आल्या आल्या सोफ्यावर बसतो, घाट असेल तर बाजूला सारून.

इथे हळदणकरांचं नाव घ्यायलाच हवं. तशी गरज नाही, पण ते जलरंगातले आणि मीही जलरंगातली. हातात दिवा घेतलेली ती तरुणी तुम्ही पाहिलीच असेल: एक हात ज्योतीआड धरलेला, बोटांतून उजेड झिरपतोय. माझ्या माहेरी ती कॅलेंडरातून कापून फ्रेम केलेली होती आणि घरातले सगळे छातीठोकपणे तिला रविवर्म्याचं चित्र म्हणत. रविवर्मा 1906 साली गेले. हे चित्र सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी 1940च्या दशकात केलं. दिवा धरून उभी राहिली ती त्यांची मुलगी, गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे! जलरंगात चुकलं की पुसायची सोय नाही. उजेड हवा तिथे कागद आधीपासून राखून ठेवावा लागतो. मीही माझ्या मुलीला मेणबत्ती देऊन उभं केलं. तिने दुसऱ्या हातात मोबाइल घेतला. चेहऱ्यावर उजेड आला, पण निळा.

तर, एवढं करून त्या माणसाचं चित्र दुसऱ्याच्या खात्यावर जमा! याचा मी धसका घेतला. तेव्हापासून माझी सही उजव्या कोपऱ्यात, लाल, आणि दारातून वाचता येईल अशी असते.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक फ्रेम निघाली. आत क्रॉस स्टिचचा मोर. पिसाऱ्यातला निळा दोरा मध्येच संपला असावा, कारण डावीकडचे डोळे जांभळट आहेत. सही कुठेच नाही. "माझाच आहे," सासूबाई म्हणाल्या. पाहायला आलेल्या मंडळींपुढे पोह्यांबरोबर तो ठेवला होता. मंडळींनी मोर निरखला, टाके निरखले, मुलगी पसंत केली. लग्नानंतर मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि मोर माळ्यावर. त्या एका प्रदर्शनासाठी या बाईने कंदिलाशी रात्री जागवल्या, आणि पुढे तिच्या हातात कुणी रंगीत दोरा दिला नाही. पसंत करून गेलेल्यांचे हार घातलेले फोटो मात्र हॉलमध्ये आहेत, चांगले खिळे ठोकून. मला राग आला. ह्यांना न विचारता सुताराला बोलावलं आणि मोर हॉलमध्ये लावला, टीव्हीच्या वर.

सासूबाई खुर्ची ओढून बराच वेळ बघत होत्या. "पाय जरा बारीक झालेत गं," एवढंच म्हणाल्या. मग मान वळवून माझ्या घाटाकडे पाहिलं, चष्मा सारखा केला.

"हे कोपऱ्यात काय, दुकानाची पाटी का?"

"माझं नाव आहे, आई."

"अगं, पण देवळापेक्षा मोठं?"

पुढच्या चित्रापासून सही लहान करणार आहे. रंग मात्र लालच.