मास्तर ठणठणीत, नंबर खलास

"काकू, ऐकलंत का? दिवाळीत आम्ही दुबईला चाललोय, नणंदेकडे."

"ऐकलं म्हणजे? तुझ्या सासूबाईंनी भाजीवाल्यालासुद्धा सांगून झालंय! ये अशी कुंपणाशी, मी गवार मोडता मोडता ऐकते. फोनचं काय ठरवलंय?"

"त्यात काय ठरवायचं? व्हॉट्सॲपवरून बोलायचं. फुकट."

"झालं! अगं, दुबईत व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही. मेसेज जातात, फोटो जातात, पण बोलणं बंद. तिथला नियमच आहे तसा. माझा भाचा असतो ना तिकडे, तो आईशी बोटिम नावाच्या ॲपवरून बोलतो. सासूबाईंच्या फोनवर ते निघायच्या आधीच घालून ठेव. तिकडे गेल्यावर शिकवीन म्हणशील, तर शिकवायला फोनच लागायचा नाही."

"अगंबाई! मग तिथलं सिम घेऊ का?"

"घे की. पासपोर्ट दाखवला की विमानतळावरच प्रीपेड सिम मिळतं. नाहीतर इथूनच रोमिंगचा पॅक मारून जा. ते सोड, घरच्या सिमचं काय करणार?"

"काढून पर्समध्ये ठेवणार."

"मास्तरांनी हेच केलं!"

"कुठले? कोपऱ्यावरचे? ते तर मुलाकडे न्यू जर्सीला जाऊन आले ना?"

"जूनमध्ये गेले ते डिसेंबरात आले. मुलाने तिथलं सिम घालून दिलं. आपलं सिम एवढंसं, हरवायला नको म्हणून बाईंनी ते कुंकवाच्या डबीत ठेवलं. आणि रिचार्ज? मास्तरांचा हिशेब तुला माहीत आहेच, वापरत नाही त्याचे पैसे कशाला भरायचे! वैधता संपली. 'रिचार्ज करा, रिचार्ज करा' म्हणून कंपनी मेसेज पाठवत बसली असेल, पण वाचणार कोण? सिम डबीत! ९० दिवस नंबर वापरला नाही की कंपनीला तो बंद करता येतो. झाला बंद."

"मग काय झालं? आल्यावर दुसरा घ्यायचा."

"अगं, मध्ये नोव्हेंबर आला ना! पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. मास्तर म्हणाले, आता काय सोपंय, मोबाईलला चेहरा दाखवला की जीवन प्रमाण मिळतं. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. आणि ओटीपी गेला जुन्या नंबरावर! माणूस ठणठणीत, रोज सकाळी तिथल्या बागेला फेऱ्या मारतोय, पण जिवंत असल्याचं काही सिद्ध होईना. का, तर नंबर वारलेला!"

"हसू नका हो काकू, बिचारे!"

"हसतेय कुठे? बँकेत तोच नंबर, गॅसला तोच, विम्यालाही तोच. ओटीपीशिवाय एक दार उघडेना. नशीब एवढंच, की बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत. बॅगा दारात टाकून मास्तर आधी मोबाईलच्या दुकानात पळाले. मिळाला परत, पण चकरा मारून मारून चपला झिजल्या."

"मग मी करू तरी काय?"

"घरचं सिम फोनमधून काढूच नकोस. हल्ली फोनला दोन सिमं बसतात, नाहीतर तिथलं ई-सिम घे. निघायच्या आधी आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करून घे, आणि परत येईपर्यंत पुरेल एवढी वैधता बघ. इंटरनेट तिथल्या सिमवर वापर, घरच्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेव. नाहीतर तू झोपलेली असताना फोन आपला गुपचूप फोटो वर चढवत बसतो. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, त्यामुळे ओटीपी येत राहतो. आलेला कॉल मात्र उचलू नकोस. परदेशात असलं की येणाऱ्या कॉलचेही कापतात."

"आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा आला तर?"

"तो तर मुळीच उचलू नकोस! आणि हो, फोनमधले सगळे नंबर प्लस एक्याण्णव लावून साठव. तिथल्या सिमवरून नुसते दहा आकडे दाबलेस तर इथे लागत नाही."

"काकू, तुम्हाला एवढं सगळं कसं ठाऊक?"

"आमची भिशी काय नुसते पोहे खायला असते? त्यातल्या एक बाई युरोपला गेल्या. सिम घेतलं पॅरिसला. २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये एका देशातलं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न घेता चालतं, म्हणून बाई खूश. जर्मनी झालं, ऑस्ट्रिया झालं. मग युंगफ्राऊयोखला चढल्या, ३,४५४ मीटरवर. साडीवर स्वेटर, मागे बर्फ, आणि लावला सुनेला व्हिडिओ कॉल. बॅलन्स गट्टम!"

"तो कसा काय?"

"स्वित्झर्लंड युनियनमध्ये आहे कुठे? काही सिमांत तो धरलेला असतो, यांच्या सिमात नव्हता. सगळ्या जगाला जिथून दाखवायचं, नेमका तोच देश बाहेर! आम्हाला ते फोटो आले इटलीत उतरल्यावर, सगळे एकदम. मोजून बघायचीसुद्धा ताकद राहिली नाही."

"आपण आपलं भारतातच फिरावं, नाही का?"

"ते तरी कुठे सोपंय! काश्मीरला बाहेरचं प्रीपेड चालतच नाही, पोस्टपेड लागतं. आमचे हे शिकाऱ्यात बसून अर्धा तास फोन हलवत होते. शिकारावाला म्हणाला, साहेब, फोन ठेवा, होडी हलतेय!"

"तुमचं पटतंय, पण हे काय म्हणतील? आठ दिवसांसाठी चाललोय आणि त्यात घरच्या सिमचाही रिचार्ज?"

"बोलणं फुकट झाल्यापासून सिमकडे कोणाचं लक्षच नाही बघ. तिकडे गेल्यावर नवा नंबर कोणीही देतं गं, पण बँक ओळखते ती इथल्याच नंबराला. महाग वाटत असेल ना, तर त्यांना मास्तरांकडे पाठव. म्हणावं, विचारा त्यांना, जिवंत असल्याचा दाखला केवढ्याला पडला!"