हॉलमधला समुद्र : बजाजनगरकरांसाठी कार्यपद्धती

वाळूज एमआयडीसीतले बजाजनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि सर्वांत जवळचा समुद्र सह्याद्री उतरल्यावर लागतो. सबब, येथील रो-हाउसात मऊ प्रवाळ पाळू इच्छिणाऱ्या इसमाने आपला निर्णय घरी प्रथम 'छोटासा फिश टँक' या नावाने कळवावा. आत मासे असतीलच असे नाही, असले तरी मुख्य ते नव्हेत, आणि मुख्य जे आहे ते झाडासारखे दिसत असले तरी प्राणी आहे, ही माहिती टप्प्याटप्प्याने द्यावी. खर्चाचा टप्पा शेवटी.

पहिला विषय पाणी. आपल्या नळाला येते ते पैठणच्या नाथसागराचे, एमआयडीसीच्या कृपेने. ते माणसाला चालते. प्रवाळाला टीडीएस शून्य लागतो. स्वयंपाकघरातला आरओ इथे उपयोगी नाही, कारण पाण्याला चव यावी म्हणून त्यात क्षार मुद्दाम राखलेले किंवा परत मिसळलेले असतात. त्यामुळे वेगळा आरओ आणि त्याच्या पुढे डीआय रेझिनची नळी घ्यावी. एक बादली शुद्ध पाण्यामागे दोन-तीन बादल्या बाहेर जातात आणि मराठवाड्यात ही गोष्ट चारचौघांत बोलण्याची नाही. ते पाणी फरशीला आणि संडासाला वापरावे, आणि वापरताना आईला दिसेल असे वापरावे.

शंभर लिटरला साधारण साडेतीन किलो मीठ लागते. किराण्याचे चालत नाही. समुद्रात नुसते सोडियम क्लोराइड नसून मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असा सगळा गोतावळा असतो, म्हणून मरीन सॉल्टच आणावे. क्षारता दर हजारी ३५ ठेवायची आणि ती रिफ्रॅक्टोमीटरने मोजायची. इथे वाळूजकरांचे पारडे मुंबईकरांपेक्षा जड आहे. सीएनसीच्या कूलंटची तीव्रता मोजताना डोळ्याला ती नळी लावून खिडकीकडे पाहिलेला माणूस इथे दर गल्लीत सापडतो. मात्र कंपनीतला रिफ्रॅक्टोमीटर घरी आणू नये. एक तर त्याची पट्टी ब्रिक्सची असते, आणि दुसरे म्हणजे गेटवर पिशवी तपासतात.

यानंतर चार ते सहा आठवडे टाकीत दगड आणि पाणी एवढेच ठेवावे. या काळात अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वस्ती करतात. शेजारी 'तुमचा समुद्र' बघायला नेमके याच काळात येतात. त्यांना चहा द्यावा.

उन्हाळ्याचे प्रकरण नाजूक आहे. प्रवाळाला २४ ते २७ अंश हवेत आणि मे महिन्यात आपण चाळिशी ओलांडतो. चिलर परवडत नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. पण त्याच बंद खोलीत वाळ्याचा कूलर लावला, की हवा दमट होऊन पंख्याचा जोर संपतो. एकाच हॉलमध्ये सासरेबुवा आणि सिनुलॅरिया नावाचा मऊ प्रवाळ दोघांना गार ठेवायचे, तर एका बाजूची खिडकी उघडी हवी. उडते ते पाणी, मीठ मागे राहते. म्हणून रोजची तूट गोड्या शुद्ध पाण्याने भरावी. खाऱ्याने भरणारा माणूस पंधरवड्यात टाकीचे लोणचे घालतो.

वीज गेल्यास दिव्याची चिंता करू नये. एक-दोन दिवस अंधार प्रवाळ सोसतो, पण थांबलेल्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत उतरतो. इन्व्हर्टरवर पहिला हक्क पाणी फिरवणाऱ्या पंपाचा. त्या पिनेवर 'वायफाय' अशी चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे घरातले कोणी ती काढत नाही.

आता पाहुणे. सुरुवात मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप आणि लेदर या प्रवाळांनी करावी. लेदर, म्हणजे सार्कोफायटॉन, हा घरातला सर्वांत शिकवून जाणारा सदस्य. एका सकाळी तो सगळे पॉलिप आत ओढतो, काळवंडतो, अंगावर मेणचट पापुद्रा धरतो आणि अधिक महिन्यात मनासारखे वाण न मिळालेल्या जावयासारखा आठवडाभर, कधी त्याहून जास्त, तोंड दाखवत नाही. तो मेलेला नसतो. अंगावर बसलेले शेवाळ आणि घाण झटकण्यासाठी कात टाकत असतो. करायचे काही नाही, पाण्याचा प्रवाह त्याच्यावरून जातोय एवढे बघायचे. पण मेंटेनन्समध्ये हयात घालवलेल्या माणसाला 'काही करू नये' ही सूचना पेलत नाही. तो जागा बदलतो, दिवा वाढवतो, कुठल्याशा बाटलीतले थेंब टाकतो, आणि मग प्रवाळ खरोखर मरतो. माझ्या पाहण्यात उपासमारीपेक्षा देखभालीने दगावलेले जास्त.

त्यातही फाइव्ह एस, म्हणजे कारखान्यातली टापटिपीची शिस्त, मनापासून मानणारे अधिक घातक. मऊ प्रवाळाच्या अंगात झुझँथेली नावाची सूक्ष्म शैवाले राहतात, ती उजेडावर अन्न करून यजमानाला देतात, आणि त्यांना थोडे नायट्रेट, थोडे फॉस्फेट लागतेच. काच-दगड घासून, पाणी गाळून टाकी चकाचक करणारा माणूस त्यांच्या तोंडचा घास काढतो. दर पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदलावे, बाकी वेळ हात खिशात. फिल्टरमध्ये कार्बन मात्र असावा, कारण लेदर आणि सिनुलॅरिया शेजाऱ्यांची वाढ रोखणारी रसायने पाण्यात सोडतात, तीही अत्यंत शांत चेहऱ्याने.

झेनिया ही मुठींची उघडझाप करणारी जात. तिच्या तांबड्या समुद्रातल्या एका नातलगावर इस्रायली शास्त्रज्ञांनी २०१३ साली अभ्यास प्रसिद्ध केला. या हालचालीने अंगाभोवती साचलेला प्राणवायू बाहेर ढकलला जातो आणि प्रकाशसंश्लेषण वाढते. आपल्याकडे ती एकतर सगळी टाकी व्यापते, नाहीतर रातोरात विरघळते. दोन्ही वेळा आपण तेच केलेले असते.

एक सूचना गंभीरपणे वाचावी. प्रवाळांच्या दुकानात मिळणाऱ्या झोअँथिडपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असते. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्यांना कापू नये आणि ते बसलेला दगड कधीही उकळू नये. वाफेने अख्खे घर दवाखान्यात जाते.

नातेवाइकांपैकी एक जण 'मालवणला फुकट पडलेले असतात' असे सांगेलच. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे आहे, आणि दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, सी फॅन यांना २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे कागदोपत्री वाघाच्या पंगतीत. तेव्हा पिशवीतून काहीही आणू नये, मेलेला तुकडाही नाही. टाकीत वाढवलेलाच प्रवाळ पावतीसह घ्यावा.

सगळे नीट चालले तर वर्षभरात लेदर काचेला टेकतो. धारदार ब्लेडने टोपीची कड कापावी, तुकडा दगडाला दोऱ्याने सैल बांधावा, कारण बुळबुळीमुळे गोंद धरत नाही. दोन-तीन आठवड्यांत तो स्वतःच चिकटतो. मग थर्ड शिफ्टचा कोणी शेजारी हेरून तो त्याला फुकट द्यावा. मिठाचा भाव त्याने टाकी घेतल्यावर सांगावा.