लास्ट किती?

विम्याच्या ऑफिसात खुर्चीला टेकायच्या आतच 'लास्ट किती होते?' विचारणारे भाऊजी तुमच्याही माहितीतले असतील. भंडारा जिल्ह्यात ते गल्लोगल्ली सापडतात. इथे ज्यांची गोष्ट चालली आहे त्यांच्याकडे एमएच-३६ पासिंगची जुनी स्प्लेंडर आहे आणि तिचा विमा संपायला महिना उरला, की त्यांचा मोसम सुरू होतो.

आता अडचण अशी, की थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८४३ च्या आसपास. कंपनी सरकारी असो की खासगी, गाडी लाखांदूरची असो की मुंबईची, आकडा तोच. हे भाऊजींना एजंटाने सांगितलं, बँकेतल्या मॅडमनी सांगितलं, शेवटी पुतण्याने मोबाइलवर काढून दाखवलं. भाऊजींनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "हा त छापील झाला. लास्ट किती?"

मग दौरा. तुमसरला धानाचा भाव पाहायला जायचंच होतं, तिथे विचारलं. ८४३. मोहाडीला चौंडेश्वरीचं दर्शन झालं, बाहेर एक ओळखीचा एजंट भेटला. ८४३. या फेऱ्यांत किती पेट्रोल जळलं हे विचारायची कुणाची छाती नाही. साकोलीच्या एजंटाने मात्र पॉलिसीसोबत एक कॅलेंडर दिलं. भाऊजींनी कॅलेंडरचे पन्नास रुपये वजा केले आणि घरी येऊन सांगितलं, "मले त सातशे त्र्याण्णवले पडला." तेव्हापासून त्या एजंटाला दरवर्षी कॅलेंडर राखून ठेवावं लागतं, मग पॉलिसीचा महिना कुठला का असेना.

दरपत्रक त्यांना तोंडपाठ आहे. ७५ सीसीपर्यंतच्या गाडीला ५३८ रुपयेच, हे समजल्यापासून शेजारच्या म्हाताऱ्या एक्सएल सुपरकडे ते वेगळ्याच आदराने बघतात. तिचं इंजिन ६९.९ सीसीचं. "आमची सत्त्याण्णव सीसीची, मंग दीडशेवाल्याइतके पैसे काहून द्यायचे?" हा त्यांचा प्रश्न तसा बिनतोड आहे, पण त्याचं उत्तर काउंटरवरच्या पोरीकडे कसं असणार? विजेवरच्या गाड्यांना १५ टक्के सूट आहे आणि व्हिंटेज मोटारींना ५० टक्के, हेही त्यांनी शोधून काढलं. स्प्लेंडर व्हिंटेजमध्ये बसते का, हे विचारूनही झालं. ती सवलत खासगी मोटारींनाच आहे, म्हटल्यावर जरा हिरमुसले. लगेच सावरून म्हणाले, "बरं, मंग लास्ट?"

खरी घासाघीस चालते ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, ज्याला सगळे 'ओन डॅमेज' म्हणतात. तिथे दर कंपनीगणिक बदलतो. तिथे भाऊजी गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यापुरती ठरलेली किंमत, खाली खाली आणतात. तेवढाच हप्ता उतरतो. हीच गाडी मेहुण्याला विकायची गोष्ट निघाली, तेव्हा मात्र किंमत दुप्पट झाली. मेहुण्याने पॉलिसीतला आकडा पुढे केला. भाऊजी म्हणाले, "तो कंपनीसाठी आहे, तुमच्यासाठी नाही."

आणि क्लेम? कधीच नाही! विनादाव्याच्या वर्षांमागे २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी वाढणारी नो क्लेम बोनसची शिडी ते शेवटपर्यंत चढले आहेत. कोका जंगलाजवळ रानडुक्कर आडवं आलं, गाडी पडली, गुडघा फुटला. बोनस जाऊ नये म्हणून त्यांनी मडगार्ड भंडाऱ्याच्या एका पितळी भांडी ठोकणाऱ्या कारागिराकडून सरळ करून घेतलं. त्यावरचे ठोके अजून दिसतात, एकसारखे, घागरीवर असतात तसे.

एवढं असूनही एक गोष्ट कबूल करावीच लागते. या माणसाचा विमा एक दिवसही खंडित झालेला नाही. शिवाय गल्लीतल्या प्रत्येक गाडीची तारीख त्यांच्या वहीत आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाचाच तसा आदेश. २०१९ च्या दिवाळीत घेतलेल्या गाडीचा तो विमा २०२४ मध्ये संपला. मालकाच्या लेखी गाडी अजून नवीच. अशांच्या दारात भाऊजी सकाळी सकाळी उभे राहतात. "तुमचा विमा कवाचाच मेला ना बाप्पा!"

त्यांच्या नात्यातल्या एकाची गाडी कारध्याकडे एका सायकलवाल्याला लागली होती. विमा संपलेला. दावा भंडाऱ्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे गेला, भरपाई मालकावर आली आणि धानाची बांधी विकावी लागली. हे भाऊजी स्वतः कधी सांगत नाहीत, घरातले सांगतात.

मागच्या खेपेला काउंटरवरच्या पोरीने त्यांना विचारलं, मालकाचा स्वतःचा पंधरा लाखांचा अपघात विमा टाकायचा ना? थर्ड पार्टीत दुसऱ्याची भरपाई मिळते, गाडी चालवणाऱ्या मालकाची नाही. त्यासाठी हा वेगळा. वारस म्हणून भाऊजींनी बायकोचं नाव सांगितलं, आधार कार्डावरचं स्पेलिंग दोनदा तपासलं आणि पोरीने सांगितले तेवढे पैसे मोजून दिले. लास्ट किती, हे विचारलं नाही.

तेव्हा असे भाऊजी दारात आले, तर 'नंतर बघू' म्हणून त्यांना वाटेला लावू नका. तोवर एमपरिवाहन ॲपवर आपल्या गाडीचा नंबर टाकून तारीख बघून घ्या. विमा नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा सापडलात तर दंड ४,०००. आणि ओन डॅमेज पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, की जमवलेला नो क्लेम बोनसही जातो.