धुराडी मोजणारे काका

४ डिसेंबर उजाडला की अलिबाग, थळ, किहीम पट्ट्यातल्या घरोघरच्या ग्रुपवर नौदल दिनाच्या शुभेच्छा सुरू होतात. एखादा उत्साही भाचा युद्धनौकेचा फोटो टाकतो, खाली तिरंगा, ‘जय हिंद’. पाच मिनिटांत काकांचं उत्तर येतं : ‘नौका अमेरिकन आहे.’ भाचा हात जोडल्याची चार चित्रं पाठवतो. काका विचारतात, ‘कशावरून, ते सांग.’

असा एक काका या किनाऱ्यावर गावागणिक असतो. नौदलाशी त्याचा संबंध शून्य. सगळी नोकरी पंचायत समितीत बिलं तपासण्यात गेलेली. लाँच लागते म्हणून मुंबईला जायचं तर वडखळच्या ट्रॅफिकमधून एसटीनं. पण मांडव्याच्या जेट्टीवर दुर्बीण घेऊन उभा राहिला, की समोरून जाणारं प्रत्येक जहाज जणू याच्याकडेच मंजुरीला आलेलं असतं.

फोटो दाखवला तर काका नाव सांगत नाहीत. आधी धुराडी मोजायला लावतात. जुनी ‘दिल्ली’ आणि जुनी ‘म्हैसूर’, दोन्ही ब्रिटिश बांधणीच्या क्रूझर, फोटो कृष्णधवल. धुराडं एक असेल तर दिल्ली, दोन असतील तर म्हैसूर. संपलं? छे! दिल्लीचं माहेरचं नाव ‘अकिलीज’. १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत ती जर्मन ‘ग्राफ श्पे’शी भिडली होती आणि १९५६ मध्ये त्या लढाईवर इंग्रजी सिनेमा आला, तेव्हा आपल्या नौदलात असलेल्या या बाईंनी त्यात स्वतःचीच भूमिका केली. ‘वय झालेल्या नट्यांना आईची कामं मिळतात,’ काका म्हणतात, ‘हिला स्वतःच्या तरुणपणाचं मिळालं!’ हा विनोद काकूंना पाठ आहे. त्या नेमक्या वेळी चहा आणतात.

खरा आनंद समोरचा चुकण्यात. विमानवाहू नौकेची पुढची धावपट्टी चढती दिसली की नवखा ‘विराट’ म्हणून मोकळा होतो. काका डोळे मिटतात. जुन्या ‘विक्रांत’लाही १९८०च्या दशकाच्या अखेरीस तसाच चढ बसवला होता, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक? नंबर बघावा तर १९९७ मध्ये निवृत्त झालेली विक्रांत आणि २०२२ मध्ये दाखल झालेली विक्रांत, दोघींचा आर ११. मग झेंडा बघायचा. त्यावरचा तांबडा क्रॉस २००१ मध्ये गेला, २००४ मध्ये परत आला, २०२२ मध्ये पुन्हा गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. एवढ्या बारकाईनं पाहणाऱ्या माणसाशी वाद घालू नये. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा यांनी मंडपाच्या कनातींवरून साल काढलं होतं.

कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत गेलं, की चाकांच्या दोन तोफांशी सेल्फी काढणारे भेटतात. ‘कान्होजींच्या तोफा!’ काका तोफेवरची अक्षरं वाचायला लावतात : लो मूर आयर्न वर्क्स, यॉर्कशायर. पोरं वाचतात आणि दुसरी पोज घेतात.

मात्र आंग्र्यांच्या आरमारापुढे काकांची विद्या लंगडी पडते. तिथं नंबर नाही, धुराडं नाही, फोटो तर नाहीच. डॉमिनिक सेर्सचं विजयदुर्गच्या लढाईचं चित्र आहे, तेही १७५६ च्या घटनेनंतर पंधरा वर्षांनी इंग्रजांसाठी काढलेलं. त्या दिवशी तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, आणि आग लागली ती त्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजापासून! काकांना हे सांगताना अजून वाईट वाटतं, जणू विमा उतरवायचा राहून गेला.

म्हणून शिवजयंतीला मंडळानं भिंतीवर आंग्र्यांचं आरमार रंगवायला घेतलं, तेव्हा काका खुर्ची टाकूनच बसले. पेंटरनं नक्षीदार पिछाडीचं तीन मजली जहाज काढून वर भगवा लावला होता.

‘हे स्पॅनिश आहे.’

‘काका, नेटवरून घेतलंय.’

‘आंग्र्यांचं जहाज म्हणजे गुराब. त्याची नाळ पुढे निमुळती काढ. तिच्यावरून मारा करणाऱ्या दोन तोफा समोर रोखलेल्या. डोलकाठ्या दोन किंवा तीन. शेजारी गलबत, त्याला वल्ही चाळीस-पन्नास.’

पेंटरनं ब्रश खाली ठेवला. ‘पन्नास वल्ही? भिंत बारा फुटांची हाय, काका. आणि रेट एका जहाजाचा ठरलाय.’

अध्यक्ष आले, खजिनदार आले. काकांनी पदरचे पैसे देऊ केले, पण जागेचं काय? शेवटी अठरा वल्ह्यांवर तडजोड झाली. उरलेली पलीकडच्या बाजूला आहेत, असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात.